दुपारी चारची घूं

२ मार्च, रविवार. सकाळी ९.
छोटीचा फोन आला. १२ एप्रिलला तिचा कार्यक्रम आहे. मला बोलावलंय. म्हणजे तिच्या आईला बोलावलं आणि आई म्हणाली, मी एकटी येणार नाही. पण बोलावणं ते बोलावणं.

छोटी आता एकोणतीस वर्षांची आहे. कॉम्प्युटर, वायरी आणि बटणांचे ठोकळे यांतून आवाज काढते. सोबत एक उंच, अबोल माणूस सॅक्सोफोन वाजवतो. या प्रकाराला प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक जॅझ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी पहिल्या कार्यक्रमाला गेलो होतो. दुसऱ्या रांगेतून एवढंच म्हणालो की डावा स्पीकर खरखरतोय. आवाज जरा मोठा लागला. लोक हसले, छोटीला वाजवणं थांबवावं लागलं. खरखर मुद्दाम ठेवलेली होती म्हणे. एकतीस वर्षं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कसं कळावं? तेव्हापासून बोलावणं बंद.

या वेळी अट आहे. नुसतं ऐकायचं. पुन्हा काही केलंस तर, बाबा, पुन्हा बोलावणार नाही. हे ती हसत म्हणाली नाही.

संकल्प: सहा आठवड्यांत जॅझचा जाणकार होणे.

३ मार्च. दुपारी १.
छोटीनं ऐकायला अकरा रचना पाठवल्या. रोज चाळीस मिनिटं, डोळे मिटून, दुकानातच ऐकायचं ठरवलंय. नवी वही आणली. दोन रंगांची पेनं आणली.

३ मार्च. दुपारी ४.३०.
पहिली रचना ऐकली. सुरुवातीला कोणीतरी लोखंडी कपाट सरकवतं. मग शेजारच्या खोलीत ड्रम. मग सॅक्सोफोन येतो, पण कपाट सरकवणाऱ्याचं तिकडे लक्ष नाही. साधारण कळलं.

५ मार्च
एक अडचण आहे. दुरुस्तीच्या दुकानात हे संगीत लावलं की लोकांना वाटतं, दुरुस्ती चालू आहे. शेजारचा टेलर दोनदा डोकावून गेला. एक गिऱ्हाईक बराच वेळ सहानुभूतीनं उभं राहिलं. रचना संपून शांतता झाली तेव्हा म्हणालं, हां, आता जमलं तुम्हाला.

लोकांची तयारी नाही. माझी होते आहे.

९ मार्च, रविवार
चौथी रचना चांगलीच लांब आहे. ऐकताना एकाग्रता इतकी वाढते की आजूबाजूचं भान राहत नाही. आज घरी ऐकली. सौ. म्हणाली, तुम्ही घोरत होता. मी घोरत नाही. कधीच घोरलेलो नाही. तो खोल श्वास होता. तिला फरक समजावून सांगितला. ती कणीक मळत राहिली.

उद्यापासून बिनहाताच्या खुर्चीवर बसून ऐकणार.

११ मार्च
बिनहाताच्या खुर्चीवरून पडलो. खुर्ची जुनी आहे.

१५ मार्च
शब्द गोळा करतोय. टेक्स्चर. स्पेस. टेन्शन. आज टेलरनं माझ्या पँटची लांबी दाखवली तेव्हा म्हटलं, स्पेस चांगली आहे पण घोट्यापाशी टेन्शन हवं. त्यानं एक इंच कमी केली. आता बसलं की मोजे दिसतात. पण मुद्दा त्याला कळला, हे महत्त्वाचं.

१९ मार्च
छोटीला अभिप्राय पाठवला. मेसेज मोठा झाला, तीन तुकड्यांत गेला. चौथ्या रचनेचा शेवट विशेष आवडला, अंगावर काटा आला, असं लिहिलं. छोटीचा फोन. म्हणाली, बाबा, चौथीला शेवट नाहीये, मी चुकून अर्धीच फाईल पाठवली होती.

विचार केला. म्हणजे नसलेला शेवटही मला ऐकू आला. कान तयार झाल्याची हीच खूण असावी. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, बाबा! मग हसली. पुष्कळ दिवसांनी हसली माझ्याशी. बरं वाटलं. अभिमानानं बरं वाटलं, चुकीमुळे नाही.

२६ मार्च
एका बाई मिक्सर घेऊन आल्या. चालू करून दाखवला. आवाजात टेक्स्चर होतं. डोळे मिटून ऐकू लागलो. बाई म्हणाल्या, दुरुस्त करता की नुसतं ऐकता? आणि मिक्सर घेऊन गेल्या. कलेत असं होणारच.

२ एप्रिल
सौ. कडून कळलं, कार्यक्रमात छोटी माझा जुना अँप्लिफायर वापरते. तो! वीस वर्षं दुकानात टेबलाच्या कडेला होता. चालू केला की घूं करायचा. त्यावर दिवसभर रेडिओ चालायचा, पण दुरुस्त करायला काही सवड झाली नाही. लोकांची कामं आधी. छोटी घर सोडून स्वतंत्र राहायला गेली तेव्हा मागून घेतला. म्हटलं, दोन दिवस थांब, नीट करून देतो. थांबली नाही. तिची आई नोकरी करायची, त्यामुळे शाळा सुटली की छोटी दुकानातच यायची. त्या अँप्लिफायरला टेकूनच अभ्यास करायची. त्याची माया असेल.

पण घूं? दीडशे लोकांसमोर? माझ्या हाताखालची वस्तू?

जाऊ दे. आपण आता श्रोते.

१० एप्रिल
कार्यक्रमासाठी नियम:
१. बोलायचं नाही.
२. स्टेजकडे जायचं नाही.
३. खिशात स्क्रू-ड्रायव्हर न्यायचा नाही.

१२ एप्रिल, शनिवार. दुपारी ४.
इस्त्रीचा शर्ट घातला. पँट तीच, मोजे दिसणारी. अगदी छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला. तो चष्म्याच्या दांडीसाठी आहे, नियमात धरायचा नाही.

संध्याकाळी ६.१०.
हॉलच्या बाथरूममध्ये लिहितोय. पूर्वार्ध दुसऱ्यांचा होता. उत्तम ऐकला. सौ. नं एकदाच कोपर मारलं.

आता मध्यंतर. छोटीचं सामान स्टेजवर मांडून झालंय. ती आणि सॅक्सोफोनवाला चहाला बाहेर गेलेत. अँप्लिफायर चालू ठेवलाय. आणि घूं घुमतेय. शेवटच्या रांगेपर्यंत. लोक काय म्हणतील? हिचा बाप मेकॅनिक, आणि पोरीच्या अँप्लिफायरची ही अवस्था?

मला ते सहन होत नाही. शिवाय नियम कार्यक्रमासाठी होते. हे मध्यंतर आहे.

संध्याकाळी ६.३०.
झालं. आत अर्थिंगची वायर नुसती टेकलेली होती, सोल्डरचा टाका केव्हाच सुटलेला. साउंडवाल्याला सांगितलं, मी तिचा बाप, हेच काम करतो. त्याला वाटलं तिनंच पाठवलं. त्यानं सोल्डरिंग गन दिली. प्लग काढला, जुना गंज खरवडला, पक्कं सोल्डर केलं. गरम टोकाखाली धरायला कागद हवा होता, कार्यक्रमपत्रिका कामी आली. पुन्हा चालू केला. काहीही आवाज नाही! इतकं स्वच्छ काम मी गेल्या दहा वर्षांत केलं नसेल.

तिला सांगणार नाही. आपण होऊन कळेल. आता मी अंधारात बसून लेकीला ऐकणार.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी ७.
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

छोटी आली. अँप्लिफायरवर हात ठेवून उभी राहिली. सॅक्सोफोनवाल्यानं सॅक्सोफोन ओठांना लावला आणि थांबला. सगळे थांबले. छोटीनं बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं. मी सौ. ला कोपर मारलं आणि हळूच म्हटलं, बघ, किती शांत.

मग छोटीनं अँप्लिफायरच्या मागे वाकून पाहिलं. नवं सोल्डर चमकत असणार. तिनं मान वर केली आणि सरळ तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. माझ्याकडे. मी अंगठा दाखवला.

नंतर कळलं, ती सगळी रचना त्या घूंवर बांधलेली होती. सॅक्सोफोन घूंचाच सूर धरून उठणार होता. चोवीस मिनिटांची रचना होती. त्यांनी दुसरंच काहीतरी नऊ मिनिटं वाजवलं. शांततेलाही टाळ्या पडल्या, लोकांना ती प्रयोगाचा भाग वाटली.

घरी आल्यावर सौ. नं कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवली. मी ती आधी वाचली नव्हती. मधोमध माझ्या सोल्डरिंगचं भोक पडलंय, पण नाव वाचता येतं. रचनेचं नाव: दुकान, दुपारी चार.

त्याच्यापुढे काही लिहिता येत नाही.

१४ एप्रिल
छोटीला सात वेळा फोन केला. उचलला नाही. अँप्लिफायर तर चांगला झाला ना, असा मेसेज लिहिला. सौ. नं फोन काढून घेतला.

१६ एप्रिल. दुपारी १२.
छोटी दुकानात आली. अँप्लिफायर घेऊन. ओरडली असती तर बरं झालं असतं. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, होता तसा करून दे. ३ मेला पुन्हा कार्यक्रम आहे.

म्हटलं, अगं, त्यात दोष होता.

म्हणाली, माहितीये. मी रोज चार वाजता इथे यायचे. तू गिऱ्हाइकांशी बोलत असायचास. माझ्याशी बोलायला तुला सवड नसायची. हा बोलायचा. मला वाटायचं, हा तुझाच आवाज आहे.

मी स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागलो. ती गेली.

१७ एप्रिल
एकतीस वर्षं लोक बिघडलेलं आणतात, मी चांगलं करतो. चांगलं आणून बिघडवून मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. पण दुरुस्त करणाऱ्याला बिघडवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. एका दिवसाचं काम.

१८ एप्रिल
वायर काढली. घूं आली नाही, गुरगुर आली. वायर नुसती टेकवली. तडतड. सैल बांधली. कधी गुरगुर, कधी काहीच नाही.

२० एप्रिल
मीठपाण्यानं गंज आणायचा प्रयत्न केला. गंज आला. घूं आली नाही. फ्यूज उडाला. टेलरचीही वीज गेली. तो म्हणाला, ते जॅझचं पुन्हा सुरू केलंत का?

२१ एप्रिल
आज लक्षात आलं, मी कशाशी जुळवतोय तेच मला ठाऊक नाही. वीस वर्षं तो आवाज माझ्या उजव्या कोपराशी होता. कसा होता, आठवत नाही. जाड होता की बारीक? सलग होता की लाटांसारखा? त्याच कोपराशी पोरगी बसायची. ती तेव्हा काय म्हणायची, तेही फारसं आठवत नाही.

जाणकार वगैरे काही झालेलो नाही. मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

२२ एप्रिल. दुपारी ३.३०.
छोटीला फोन केला. या वेळी उचलला. खरं काय ते सांगितलं, मला तो आवाज आठवत नाही. मग तिनं फोनवर तोंडानं काढून दाखवला. घूंऽऽ. लहानपणीसारखा, गाल फुगवून काढत असणार.

म्हटलं, थांब, फोन चालू ठेव. वायर जरा सरकवली. म्हणाली, खाली, बाबा, अजून खाली. पुन्हा सरकवली. म्हणाली, आता फार जाड झाला. अर्धा तास असं चाललं. ती घूं करायची, मी स्क्रू फिरवायचो. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना हातानंच बसवून ठेवलं. काय चाललंय म्हणून टेलर आला, तोही बसला.

दुपारी ४.
आला! जवळजवळ आला. छोटी म्हणाली, हलू नकोस. आणि आम्ही दोघं नुसते ऐकत बसलो. तो खरंच चांगला आवाज आहे. एवढा चांगला असेल असं वाटलं नव्हतं. पुढे एकाग्रता इतकी वाढली की भान राहिलं नाही.

२३ एप्रिल. सकाळी ८.
छोटीनं एक फाईल पाठवली. काल फोन तिनं ठेवलाच नव्हता. लिहिलंय, अकरा मिनिटं रेकॉर्ड केली, घूंपेक्षा ही चांगली आहेत, ३ मेला हीच वापरते. अँप्लिफायरचं काय हवं ते कर. आणि पहिल्या रांगेत बस. नावही तेच, दुकान, दुपारी चार.

लावून पाहिली. मागे बारीक घूं आहे. तिच्यावर कोणीतरी लोखंडी कपाट सरकवतंय. थांबतंय. शिट्टी वाजवतंय. पुन्हा सरकवतंय. सौ. दारात येऊन उभी राहिली आणि पूर्ण अकरा मिनिटं ऐकून गेली.

हा आवाज माझा असूच शकत नाही. टेलरचा असेल. लय मात्र पक्की आहे.