तुमचा चौकोन

अहो,

ताईकडे जातेय, तिचा गुडघा पुन्हा सुजलाय. रविवारी संध्याकाळपर्यंत येईन. भाजी फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात आहे. दूध गॅसवर ठेवलंत तर तिथून हलू नका.

काल ऑनलाइन क्लासमध्ये बाईंनी माझी गोधडी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. "कडेच्या दोन ओळी बघा सगळ्यांनी, काय सारखे टाके आहेत!" म्हणाल्या. मी चष्मा लावून बघितलं, तर ते टाके माझे नव्हतेच. मी भाजी आणायला गेले की तुम्ही माझे उसवून आपले घालत होतात, आणि ताकास तूर लागू दिली नाहीत. बत्तीस बायकांसमोर माझं कौतुक होत होतं आणि माझं तोंड एवढंसं झालं होतं.

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत. दुकान बंद केल्यापासून तुमचे हात शिवशिवतात, ते मला दिसतं. पण माझे टाके वाकडे असले तरी माझे आहेत. त्या दोन्ही ओळी आज सकाळी उसवून मी पुन्हा घातल्यात. आल्यावर मोजून बघणार आहे.

मधला निळा चौकोन मात्र मुद्दाम कोरा ठेवलाय, तो तुमचा. गोधडी मशीनवर आहे. सुईत दोरा ओवून ठेवलाय, म्हणजे शेजारणीला हाक मारायला नको. सरळ शिवा नाहीतर वाकडं शिवा.

मी उसवणार नाही.