पाटीखालची बरणी

बाबा, मी कोण ते आठवतंय का बघ आधी. घाई नाही. आगबोटीवरून सुट्टीला आलास की अंगणात उभ्या असलेल्या आम्हां पोरांवरून नजर फिरवायचास आणि मला धाकटीच्या नावाने हाक मारायचास, धाकटीला शेजारणीच्या पोरीच्या. कुठल्या बरणीत कुठल्या बंदरावरचा तंबाखू आहे, तो किती पावसाळे बंद आहे, हे मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचास. तर मी थोरली. तुझ्या बरण्या जिच्या गळ्यात मारून गेलास ती.

तू जिवंत होतास तोवर तुला 'तुम्ही' म्हटलं. आज 'तू' म्हणणार आहे. काय करशील? मला लिहिता येत नाही, का येत नाही ते तुला ठाऊक आहे, नसेल आठवत तर पुढे सांगते. लिहिते आहे तुझी पणती. मी बोलते आणि ती मधे मधे माझ्याकडे बघते. आत्ताच विचारलंन, "आजी, शिव्या पण लिहू?" मी म्हटलं, लिही, त्या तर आधी लिही.

तू बोटीवर आगवाला. भट्टीत कोळसा ओढता ओढता तुला एका गोऱ्या साहेबाचा पाइप आवडला, आणि त्याने जाताना तो तुला दिला. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. माणसाला काहीतरी आवडावं. पण तू तो पाइप ओढला नाहीस. मोज्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलास. बंदरोबंदरी पाइपचा तंबाखू घ्यायचास, घरी आणायचास आणि स्वतः विड्या फुंकत बसायचास. म्हणायचास, हा आता ओढायचा नाही. हा हवा न लागता, अंधारात, गारव्यात वर्षानुवर्षं राहिला पाहिजे, म्हणजे त्याचा तिखटपणा जातो, तो गोड होतो. बोट सोडून कायमचा घरी आलो की पडवीत बसेन आणि रोज एक पाइप ओढेन. कुणी विचारलं, उघडायचा का, की तुझं ठरलेलं उत्तर, "अजून मुरांदे."

मला आजही ती दुपार दिसते. वैशाख आहे, आई कैऱ्या फोडून बसली आहे, मीठ-हळद लावून परातभर फोडी तयार आहेत, आणि तू माजघरातून तिच्या तिन्ही चिनी मातीच्या बरण्या उचलून आणतोस. तिच्या माहेरच्या बरण्या. तुझे पत्र्याचे डबे खाऱ्या हवेने गंजायला लागले होते म्हणे. तू खाली केळीचं सुकं पान घालतोस, मुठीने तंबाखू दाबतोस, वर परत पान, तोंडावर फडकं बांधून वितळलेलं मेण ओततोस. आई बघत राहते. मग म्हणते, "आणि माझ्यो कैऱ्यो मी खंय घालू? तुमच्या टोपयेत?" आम्ही पोरं हसलो. तू नाही हसलास. त्या वर्षी फोडी मडक्यात घातल्या, त्यांना बुरशी आली, आणि पावसाळाभर आम्ही पेजेबरोबर नुसतं मीठ चाटलं. आईने पुन्हा बरण्या मागितल्या नाहीत. तिनं मागणंच सोडलं, हे तुझ्या लक्षात आलं होतं का रे कधी?

त्याच सुट्टीत तू माझ्यासाठी पाटी आणलीस. लाकडी चौकटीची, काळी, गुळगुळीत, मुंबईच्या बाजारातली. गावात तशी कुणाकडे नव्हती. मी ती छातीशी धरून गल्लीभर नाचून आले. संध्याकाळी तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस. "आत्ता फोडशील. पुढल्या खेपेक शाळेत घालतंय तुका, तोवर ऱ्हवांदे." आणि दुसऱ्या दिवशी मी बघते तर पाटी तिसऱ्या बरणीच्या तोंडावर, वर वरवंट्याएवढा धोंडा. तिसऱ्या बरणीचं मेण कमी पडलं होतं, उंदीर फडकं कुरतडतील म्हणून. मी ती ओढायला गेले तर माझ्या पाठीत धपाटा घातलास. "हवा लागात!" बाबा, तुझ्या तंबाखूला हवा लागेल म्हणून मी निरक्षर राहिले, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पुढल्या खेपेला तू म्हणालास, लहान आहे. त्याच्या पुढल्या खेपेला म्हणालास, आता मोठी झाली, आता काय शाळा. मधली कुठली खेप माझी होती तेवढं सांग.

शेवटी बोट सोडून घरी आलास. पडवी होती, खुर्ची होती, ट्रंकेत पाइप होता. आईनं खुर्ची पुसून ठेवली. तू म्हणालास, अजून एक पावसाळा जाऊ दे. आणि त्या पावसाळ्यात तूच गेलास.

तुझं दहावं. नदीकाठी पिंड मांडलेला, समोरच्या आंब्यावर कावळे बसलेले, आणि एक खाली उतरेल तर शपथ. आम्ही बायका लांब माडाखाली उभ्या. ऊन चढत गेलं. भाऊ म्हणाला, आईला सांभाळीन. कावळे ढिम्म. काका म्हणाले, जमिनीचा तंटा मिटवू. ढिम्म. आईनेसुद्धा हात जोडून काहीतरी पुटपुटलं, तिच्या नावानेही तू हललास नाहीस. माझ्या कडेवर पोरगा उपाशी रडत होता. मी वैतागून तिथूनच ओरडले, "बाबा, तुमच्या बरण्या मी सांभाळीन. कुणाला उघडूक देवचंय नाय." शब्द तोंडातून पडतायत तोवर कावळा खाली. सगळ्यांनी नमस्कार केला. मी नाही केला. मी आईच्या तोंडाकडे बघत होते.

आता शब्द दिला म्हणजे दिला. त्या बरण्या, तिसरीवर पाटी तशीच बांधून, मी गावाहून गिरणगावात आणल्या, तिथून इकडे घाटकोपरला टेकडीवरच्या खोलीत आणल्या. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही पाच माणसं आणि माळ्यावर तू. सून म्हणायची, "आई, त्या बरण्या खाली काढल्या तर गाद्या तरी वर जातील ना." मी म्हणायचे, हात लावू नको, हवा लागेल. माझ्या तोंडातून तुझंच वाक्य निघायचं आणि मला माझाच राग यायचा.

माझा मुलगा, म्हणजे तो कडेवरचा, गिरणीत होता. संपात गिरणी गेली, आता साकीनाक्याला एका वर्कशॉपात जातो. यंदा त्याची मुलगी, हीच जी लिहिते आहे, दहावी पास झाली. शाळेने तिला बक्षीस म्हणून शाईचं पेन दिलं, मखमलीच्या डबीत. कॉलेजात जायचं म्हणाली. मुलगा जेवताना म्हणतो, "जरा जम बसू दे ना. पुढच्या वर्षी बघू. एक वर्ष घरी बसली तर काय वाट लागणार आहे?" तो वाईट नाही रे. तूही वाईट नव्हतास, तीच तर पंचाईत आहे, वाईट असतास तर एकदा शिव्या देऊन मोकळी झाले असते.  पोरगी उठली, पेन डबीत घातलं, डबी रुमालात गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या खणात मागे सारून ठेवली.

ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी स्टुलावर चढले. मुलगा ओरडतो आहे, "आई, पडशील!" मी म्हटलं, पडले तर तुझा जम बसेपर्यंत पडूनच राहीन. तिन्ही बरण्या खाली घेतल्या आणि त्याच्या ताटासमोर मांडल्या. सुरीने मेण फोडलं. पहिली उघडली, पांढरी बुरशी. दुसरी, भुगा आणि किडे. तुझी सगळी बंदरं, बाबा, किड्यांनी खाल्ली. तिसरीवरची पाटी मी पदराने पुसली. आरशासारखी स्वच्छ. तिच्यावर एक रेघ नाही. ती मुलाच्या मांडीवर ठेवली. "ही माझी," म्हटलं. "माझ्या बापानेही पुढच्या वर्षीच बघू म्हटलं होतं. तंबाखू मुरतो रे. पोरगी मुरत नाही, नुसती वाट बघते. आणि मग माझ्यासारखी रेशनच्या दुकानात अंगठा उठवते."

 तो पाटीवर बोट फिरवत बसला. मग उठून खण उघडला, डबी काढली, पेन पोरीच्या हातात दिलं. सकाळी कामावर खाडा करून तिला कॉलेजात घेऊन गेला.

आता तुला एक सांगायला हवं, जिभेवर येत नाही पण सांगते. तिसरी बरणी चांगली निघाली. खालच्या खोलीत एक पेन्शनर अंकल राहतात, ते पाइप ओढतात, त्यांना चिमूटभर दिला. पाइप भरून पेटवला आणि डोळेच मिटले त्यांनी. "माय गॉड, आजी! असला माल लाइफमधे नाय ओढला. कुणी ठेवला एवढी वर्षं?" म्हणजे तू बरोबर होतास. तंबाखूच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. याचा मला इतका संताप आला की त्यांच्या दारातून उठून आले. आणि राखला कुणी? माझ्या पाटीने. त्याचं भलं केलंन तिने, माझं सोडून. सगळा अंकलना देऊन टाकला, जा, ओढा, आजच ओढा. पाटीवर आता मी गरम पातेली ठेवते.

शब्द मोडला, तर या पितरांना येशील की नाही ते तू ठरव. हे पत्र काही तुला मिळणार नाही, पणती विचारते पत्ता काय घालू, मी म्हटलं घडी कर आणि पाटीखाली सरकव. बरण्या आईच्या होत्या, त्यांचं आईचं काम सुरू केलं. जूनमधे कैऱ्या आणून लोणचं घातलं. बरणी राखेने घासली, चिंचेने घासली, उन्हात ठेवली, तरी तिसरीतल्या लोणच्याला तुझा वास येतो. घरात कुणी तोंडात घेत नाही. सून म्हणते फेकून देऊ. मी रोज खाते. तुझ्या पडवीसारखा वास आहे तो, तू कधी न बसलेल्या.

पुरे गं पोरी, आता पेन ठेव आणि आईला जाऊन सांग. सर्वपित्रीला कावळ्याच्या पानावर काळ्या वाटाण्याची उसळ घाल, वडे कढईतून निघाले की तसेच गरमागरम छपराच्या पत्र्यावर पाठव, थंड व्हायची वाट बघू नको. आणि तिसऱ्या बरणीतल्या लोणच्याची एक फोड ठेव. एकच. बाकीचं मला लागतं.