इत्तोच्या लग्नाचं लोणी

आई, तुझ्या कपाळाला लांबूनच ओठ टेकवतो.

मी बरा आहे, जेवतोय. तुझा गुडघा कसा आहे? खोटं सांगू नकोस. इथं फ्रान्सच्या डोंगरांवर बर्फ पडलाय.

टोमॅटो पोचले. पण बोटीतून उतरल्यावर स्पेनच्या बंदरात माझा ट्रक सहा तास अडवला. मी नुसता येरझारा घालत होतो, माल मऊ पडत होता. कारण काय, तर तू मला न सांगता उशीत दडवलेली बरणी! इत्तो जन्मली तेव्हा मडक्यात घालून जमिनीत पुरलेलं, तिच्या लग्नातच उघडायचं लोणी!

कस्टमवाल्यानं झाकण उघडलं आणि वासानं दोन पावलं मागे सरला.

"तुमच्या देशाशी टोमॅटोचा करार आहे, ते जाऊ देत. दूधदुभतं चालत नाही."

"साहेब, बहिणीचं लग्न आहे. बावीस वर्षांचं लोणी आहे हे."

"मग तर नाहीच!"

बरणी मलाच कचऱ्यात टाकायला लावली. टाकण्याआधी बोटं बुडवून बाहीला पुसली.

इत्तो इथं, माल उतरवला त्या गोदामाच्या फाटकावर भेटली. माझा व्हिसा संपतोय, लग्नाला थांबता येणार नाही. गळ्यात पडली, बाहीत नाक खुपसलं आणि म्हणाली, "आईनं मडकं उघडलं!" मग बाही सोडेचना.

शर्ट तिलाच देऊन निघालो. थंडी अजिबात वाजत नाहीये, आई.

तुझा हद्दू