क्रोएशियन म्हणजे कोण

सोमवार, ३ मार्च २००३
मिर्यानाने ब्रिटिश नागरिकत्वाचा फॉर्म माझ्या लाँड्रीतच भरला. राष्ट्रीयत्व – क्रोएशियन. भाषा – क्रोएशियन. म्हटलं, आमच्या मराठीसारखंच की, माणूस मराठी, भाषाही मराठी. इस्त्री न थांबवता म्हणाली, "शाळेत आमच्या भाषेचं नाव लांबलचक होतं, बॉस – सर्बो-क्रोएशियन. युद्ध पेटलं त्या वर्षी अर्धं कापून टाकलं." त्याच वर्षी तिचा नवरा गेला, झ्वोन्को. दहा वर्षं माझ्याकडे कामाला आहे, पण नवऱ्याचं काही विचारलं की विषय बदलते.

बुधवार, ५ मार्च
हॉटेलचे कपडे आणणारा नवा व्हॅनवाला, दावोर. फोनवर बोलत होता. मी कान टवकारले – हेल अगदी मिर्यानाचा. गाव विचारलं, तर तिचंच! वीस घरांचं गाव, आणि दोघं इथे लंडनच्या क्रॉयडनमध्ये. सुचेता म्हणते, "अहो, दिसेल त्याचं गाव काढत बसू नका." पण गाववाला भेटला की कुणाला आनंद होत नाही? उद्या दोघांची गाठ घालतो.

गुरुवार, ६ मार्च
गिऱ्हाइकाचा शर्ट जळला. मिर्याना इस्त्री उचलायची विसरली. दावोर दारातच उभा. तिला बघून कपडे तिथेच टाकले आणि निघून गेला.

शुक्रवार, ७ मार्च
दावोरला चहा पाजून बोलतं केलं. आई सर्ब, बाप क्रोएशियन. "युद्धात बंदूकवाले घरोघर विचारत आले – क्रोएशियन का? आई म्हणाली, मी या गावची. त्यांना हे उत्तर चालत नव्हतं." आईला घेऊन गेले, ती परत आली नाही. गावातल्या सर्बांची यादी झ्वोन्कोने लिहिली; तो बाहेरगावचा. कोण कोणत्या घरात, ते शेजारी बसून मिर्यानाने सांगितलं.
मी म्हटलं, झ्वोन्को तर मेला.
"कुणी सांगितलं?"
तिनेच.

सोमवार, १० मार्च
मिर्याना आली नाही. घरमालकीण म्हणते, खोली शनिवारीच रिकामी केली. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये पडलाय. 'क्रोएशियन' हा शब्द दोनदा, तिच्या गोल अक्षरात. फाडवत नाही, वाचवतही नाही. इस्त्रीचं टेबल आज मीच सांभाळलं. सारखं वाटत होतं, मागे कुणीतरी नावं सांगतंय.

सोमवार, २४ मार्च
ग्लासगोहून तिचं पत्र. नोकरी सोडल्याचा कागद हवाय, पी-फॉर्टीफाइव्ह. पत्ता झ्वोन्कोच्या नावे – खाली तिच्या सहीशेजारी त्याचीही सही, तारीख परवाची.
दावोर रोजच्यासारखा दहाला आला. "मिर्यानाचं काही कळलं का, बॉस?"
पत्र खिशात होतं. "नाही," म्हणालो.