ऑल्डनच्या ओठाचा कोपरा

१२ सप्टेंबर

आजही धुकं रंगवलं नाही. न्यूयॉर्कहून गॅलरीवाल्या टेसचा फोन. "तुझं धुकं हातोहात खपतं गं, गॅलरीत माणसं कशाला मांडू?" कंटाळा आलाय धुक्याचा! जन्मभर मेन राज्याच्या या किनाऱ्यावर तेच बघतेय. या प्रदर्शनात ऑल्डनचं चित्र जाणार म्हणजे जाणार. सगळ्या गावाची घरं, होड्या रंगवून झाल्या, नवऱ्याचं एक चित्र धड नाही. एरवी तो समुद्रावर असायचा. आता बोट विकलीय, बसतो बापडा खुर्चीत.

१५ सप्टेंबर, मंगळवार

डोळे जमले. शेवंडी धरून धरून जाड झालेली बोटंही जमली. तोंड नाही. चित्र आरशात उलटं बघितलं की चूक लगेच कळते. ओठाचा एक कोपरा खाली घसरलाय! सुरीनं खरवडला, पुन्हा काढला.

१६ सप्टेंबर

ये रे माझ्या मागल्या. कोपरा परत खाली. "नीट बस ना!" म्हणून ओरडले त्याच्यावर.

"नाचता येईना अंगण वाकडं," तो म्हणाला आणि हसला. हसता हसता कॉफी शर्टावर. धुतला मीच, चरफडत.

१८ सप्टेंबर

परत खरवडलं. दमले. माझा हातच म्हातारा झालाय बहुतेक. रडू आलं.

१९ सप्टेंबर

शनिवार, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे बीन्स केले. ऑल्डननं निम्मे टाकले. "चावायचा आळस येतो गं." बरं बाबा.

आज खुर्चीकडे बघितलंच नाही. त्याचा चेहरा मला पाठ आहे! आठवणीतला ओठ काढला — सरळ, देखणा. आरशातही सरळ. झालं एकदाचं! टेसला फोटो पाठवला. ती म्हणते, "धुकं राहू दे. हाच दारासमोर लावते." किती वर्षांनी बरं वाटलं.

२२ सप्टेंबर

नणंद आली, मॅविस. चित्राकडे बघितलं, मग भावाकडे. "अगं, याचं तोंड असं वाकडं कधीपासून?"

हॉस्पिटल. डोक्यात गाठ आहे.

डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं, कधीपासून? ऑल्डनला सांगता येईना. मॅविस माझ्याकडे बघत होती.

गेल्या मंगळवारपासून, मी म्हणाले. मी पहिल्यांदा खरवडला तेव्हापासून.