पांढऱ्या डेल्फिनियमच्या रोपांबाबत

मी, ग्लाफिरा मात्वेयेव्ना झोतोवा, वय ७६, कापड गिरणीतून निवृत्त, राहणार वोलोग्दा, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांनी माझ्या हृदयाला नावं ठेवली आहेत, डोक्याला नाही. दडपण कोणाचंही नाही; असलंच तर माझ्याच मनाचं.

१. शहराबाहेरची बाग आणि तिथलं लाकडी घर मुलगा आर्कादी यास. त्याने तिथे बटाटे लावावेत किंवा नुसतं लोळावं. आजवर तो दुसरंच करत आला आहे.

२. माझी पत्र्याची झारी शेजारच्या बागेतल्या माव्राने नेली आहे. ती परत मागू नये. तिच्याकडून वस्तू परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

३. या घरातला माझा अर्धा हिस्सा धाकटी बहीण कापितोलिना, आमची कापा, हिला. उरलेला अर्धा तिचाच आहे. हा माझा चांगुलपणा समजू नये.

नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. इस्पितळात जाताना म्हणाली, "ताई, पाणी बेताचं घाल, आणि खिडकीची वरची छोटी झडप उघडू नकोस हं, गारठ्याने जातील." खिडकीत कपांमध्ये तिच्या पांढऱ्या डेल्फिनियमची रोपं होती. दर वर्षी निवडून निवडून अकरा वर्षांत तिने ते फूल घडवलं होतं. ओल्या फडक्यात गुंडाळून बी महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायची. मला लोण्याला जागा उरत नसे. त्या हिवाळ्यात बागेतली मूळ झाडं कुजली होती. उरली होती ती एवढीच.

मी मासे तळले. धूर झाला म्हणून झडप उघडली आणि फोनवर बोलत बसले. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. परत आले तर रोपं काचेसारखी झाली होती. हात लावला तशा त्यांनी माना टाकल्या.

त्याच कपांत मी बाजारचं बी पेरलं. कापा तीन आठवड्यांनी घरी आली तेव्हा कोंब वर आले होते. म्हणाली, "उशिरा का होईना, तगली गं." ही झाडं पहिल्या वर्षी फुलत नाहीत, तेवढी मला सवड मिळाली. दुसऱ्या उन्हाळ्यात निळी, साधी फुलं आली. ती वाफ्यापाशी बसून म्हणाली, "बी उलटून मूळ निळ्यावर गेलं, ताई. माझ्या हातालाच गुण नाही आता." मी म्हणाले, "होतं असं कधी कधी."

रोपांवर लावायचा दिवा, कप, सगळं तिने वाटून टाकलं. सात वर्षं तिने बी पेरलेलं नाही. 'होतं असं कधी कधी' हे वाक्य बोलल्याची मला रोज लाज वाटते.

तोंडाने सांगायचं धाडस नाही, म्हणून सही करण्याआधी हा कागद तिच्याच हातात देत आहे.

वोलोग्दा, २ मार्च २००९
सही: ग्लाफिरा झोतोवा

साक्षीदार:
१. येरेमेय साविच गुसेव, समोरचं दार.
२. कापितोलिना मात्वेयेव्ना झोतोवा. वाचलं. साक्षीदाराला ठेवलेला वाटा रद्द होतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच सही करते आहे. रोपं गेली त्याचं मी रडून घेतलं असतं, ताई. सात वर्षं मला माझ्या हाताला दोष देऊ दिलास, ते अर्ध्या घराने भरून येत नाही.