तारांनी नुसतं व्हय म्हणायचं

अम्मा, तुझा ड्रम मी गेल्या रविवारी माळ्यावरून खाली काढला. तुझा म्हणतोय, कारण बँडच्या मालकांनी तो विकत आणला असला तरी त्याच्या पोटाखालच्या तारा तुझ्या हाताच्या होत्या. तू जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुला मनातल्या मनात पुष्कळ काही सांगितलंय. इंदापुरात दुकान कसं चाललंय, पाण्यातल्या मोटारी जळून माझ्याकडे दुरुस्तीला कशा येतात, तुझी नात किती उलट बोलते, माझा गुडघा पायऱ्या चढताना कसा कुरकुरतो. एक गोष्ट मात्र दर वेळी जिभेवर आली की मी विषय बदलत आलो. अंथुर्ण्याच्या लग्नाची. आज दुकानात गिऱ्हाईक नाही, लाइटही गेलीय, म्हणून बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायला बसलोय.

ड्रम काढला तो तुझ्या नातीमुळे. ती आता बारामतीला कॉलेजात आहे, इंदापूरहून रोज एसटीनं जाते-येते. कॉलेजच्या बँडमध्ये तिनं नाव दिलंय आणि मला न विचारता सांगून टाकलंय की आमच्या घरी साइड ड्रम आहे. तो पंचवीस-तीस वर्षं मुका पडलाय, असं मी म्हटलं, तर म्हणाली, ‘‘मुका म्हणजे काय पप्पा, नीट करायचा.’’ मग मी तिला समजावलं. वरच्या पानावर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, काठ्या पडतात, पण आवाज खालून येतो. खाली एक पातळ पान असतं, त्याला आडव्या, स्प्रिंगसारख्या पिळाच्या वीसेक बारीक तारा टेकलेल्या असतात. वर काठी पडली की त्या थरथरतात, आणि तो चर्र आवाज म्हणजेच साइड ड्रम. तारा नसल्या तर उरतो तो नुसता डबा. तिनं ऐकून घेतलं आणि लगेच मोबाइलवर तारा शोधायला लागली. वीस तारांच्या, चोवीस तारांच्या, चाळीस तारांच्या पट्ट्या निघाल्या, पोलादी, पितळी रंगाच्या. तिला चाळीसवाली हवी होती. जास्त तारा म्हणजे जास्त आवाज, असा तिचा सरळ हिशोब. मी वीसवालीच मागव म्हणालो. का, ते विचारलं तिनं. मी सांगितलं, ‘‘तुझी दादी वीसच बसवायची.’’ त्यावर ती हसली. का हसली ते पुढे सांगतो.

तुझ्याकडे ड्रम यायला लागले ते कपड्यांमुळे. बँडवाल्यांचे लाल कोट, त्यांच्या सोनेरी फिती, खांद्यावरचे गोंडे हे सगळं बारामतीत तुझ्या मशिनीवर शिवलं जायचं. अब्बा त्याच बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. एकदा कोटांच्या गठ्ठ्याबरोबर मालक एक ड्रम घेऊन आले. तारांची दोरी तुटली होती आणि गाठ कुणाला बसवता येत नव्हती. तू बॉबिनचा नायलॉनचा दोरा चौपदरी पिळलास आणि असा बांधलास की मालक खाली बसून बघतच राहिले. तेव्हापासून तालुक्यातल्या दोन-तीन बँडांचे ड्रम आपल्या स्वयंपाकघरात यायला लागले. चुलीच्या उजव्या हाताला दोन पाट, त्यावर पालथा ड्रम, आणि एकीकडे भाकरी. पिठाचे हात पुसून तू तारांची पट्टी मधोमध ठेवायचीस. फूटपट्टी तू कधी घेतली नाहीस. दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. टोकाची पत्र्याची पट्टी पानाला टोचतेय का, ते नखानं बघायचीस. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या सारख्या ओढायच्या, मग तारा पानाला टेकवणारा खटका वर करायचा, आणि बाजूची छोटी घुंडी हळूहळू फिरवून ताण द्यायचा. त्या घुंडीवर तुझा सगळा जीव असायचा. मी एकदा घाईनं ती करकचून पिळली, तर तू माझा हात बाजूला केलास आणि म्हणालीस, ‘‘पिळून पाणी निघतं, आवाज न्हाय निघत.’’

घुंड्यांच्या बाबतीत तू कडक होतीस. शिलाई मशिनीच्या दोऱ्याचा ताण तू एकदा बसवलास की तिथे लाल नखपॉलिशचा ठिपका द्यायचीस. एक घुंडीवर, एक तिच्याशेजारी पत्र्यावर. दोन ठिपके समोरासमोर असले की मशीन तुझी. कुणी हात लावला तर तुला दारातूनच कळायचं. मी आणि तायडीनं त्यापायी किती बोलणी खाल्लीत, ते आठवतं. ती मशीन आता माझ्या घरात आहे आणि ठिपके अजून तसेच आहेत.

आणि ड्रम बसला की नाही हे तू काठीनं बघत नव्हतीस. तू त्याला सुलटा करून पाटांवर ठेवायचीस, तोंड वरच्या पानाजवळ न्यायचीस आणि विचारायचीस, ‘‘जेवलास का रं?’’ आम्ही पोरं हसून लोळायचो. पण तुझ्या आवाजानं खाली तारा थरथरायच्या. किती थरथरतात त्यावर तुझं गणित होतं. बराच वेळ कुजबुजत राहिल्या तर सैल. काहीच बोलल्या नाहीत तर जास्त आवळल्या. मी विचारलं होतं, नेमकं कसं पाहिजे? तू म्हणालीस, ‘‘आवाज ड्रमचा पाहिजे, तारांचा न्हाय. तारांनी नुसतं व्हय म्हणायचं आन गप बसायचं.’’ बँडमधल्या जाणत्या माणसांनाही हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नसतं. आणि तू तर आयुष्यात एकदाही वरातीत ड्रमच्या पुढे उभी राहिली नाहीस.

आता अंथुर्णे. मी वीस वर्षांचा होतो आणि बँडमध्ये साइड ड्रम माझ्याकडे होता, हाच. लग्न दुपारचं. नवरीकडच्यांनी दुसरा बँड सांगितला होता आणि दोन्ही बँड वेशीवर समोरासमोर येणार होते. मालक टेम्पोत म्हणाले, ‘‘आज आवाज कडक पायजे, बघ.’’ ड्रम आदल्याच दिवशी तू नीट करून दिला होतास. मला वाटलं, अजून थोडा कडक करावा. मी खिशातली पक्कड काढली आणि घुंडी दीड फेरा पिळली. सगळे पुढे बसले होते, कुणी पाहिलं नाही. वेशीवर त्यांचा ड्रमवाला असा रोल वाजवत आला की पोरं शिट्ट्या मारायला लागली. मग माझी पाळी. मी काठ्या टाकल्या आणि निघालं काय, तर टक टक टक. दारावर कुणी बोट वाजवावं तसं. तारा पानाला इतक्या चिकटून बसल्या होत्या की त्यांना हलायला जागाच नव्हती. मी हात जोरात चालवला, घाम आला, पण ड्रम काही बोलेना. समोरच्या बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं आणि ते हसायला लागले. मालक माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत, तेच वाईट. हळूच म्हणाले, ‘‘काय झालं रं ह्याला?’’ आणि अम्मा, मी म्हणालो, ‘‘काल अम्मानं तारा बसवल्या, तवापासून असाच हाय.’’

पक्कड तेव्हा खिशात मांडीला टोचत होती. अब्बा तिथेच उभे होते, हातात क्लॅरोनेट. ते खाली बघत राहिले.

त्यानंतर मालकांनी नवा ड्रम आणला आणि दुरुस्तीसाठी पुण्याचं एक दुकान धरलं. हा जुना ड्रम आपल्या दारात ठेवून म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच.’’ तुला ते एक शब्दही वावगं बोलले नाहीत. बाकीच्या बँडवाल्यांनीही मग पुणंच गाठलं. कोट येत राहिले, फिती येत राहिल्या. ड्रम मात्र आले नाहीत. चुलीशेजारचे दोन पाट तसेच पडून राहिले, मग एकावर तू मिठाची बरणी ठेवलीस. एकदाच विचारलंस, ‘‘ड्रम का न्हाय येत आता?’’ मी सांगितलं, मालकांनी पुण्याला दुकान बघितलंय. तू म्हणालीस, ‘‘बरं.’’ आणि भाकरी उलटलीस. तुला त्या कामाची किती ओढ होती, हे मला ठाऊक होतं. घरात तुला सगळे अम्मा म्हणायचे, पण ड्रम घेऊन येणारी माणसं उंबऱ्याबाहेर चपला काढून ‘वस्ताद’ म्हणायची. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण लोक विचारायचे, आणि मी त्याची गंमत करून सांगायला लागलो. ‘अम्माचा मुका ड्रम’. तायडीच्या लग्नात सांगितली, माझ्या लग्नात सांगितली, वरकुट्याच्या सासरवाडीत तर हातवारे करून सांगितली. तू तिथेच बसलेली असायचीस. पदर तोंडाला लावून तूही हसायचीस. मला वाटायचं, चला, अम्मा विसरली. पुढे हीच गोष्ट मी तुझ्या नातीला झोपवताना सांगितली. वीस तारांचं ऐकून ती हसली, ती त्यामुळे. तुला तिनं नीट पाहिलंही नाही. तिच्यासाठी दादी म्हणजे ड्रम मुका करणारी बाई.

ड्रमला तू लाल कोटाच्या जुन्या कापडाची खोळ शिवली होतीस. तोंड बटणांनी बंद न करता टाक्यांनी बंद केलं होतंस, तुझी ती बारीक, तिरकी टीप. तू गेल्यावर मशिनीबरोबर तो इंदापूरला आणला, तोही खोळीसकट. रविवारी मी पहिल्यांदा ती टीप उसवली. तारा गंजल्या होत्या, चार-पाच तर पिळातून सुटून केसांसारख्या लोंबत होत्या. जुनी पट्टी काढण्याआधी घुंडी रॉकेलच्या फडक्यानं पुसली. धुळीखालून लाल ठिपका निघाला. शेजारचा पत्रा पुसला. तिथे दुसरा.

दोन्ही ठिपके समोरासमोर होते.

दीड फेरा पिळलेली घुंडी मी परत सैल केली नव्हती. तेवढी हिंमत मला झालीच नाही. म्हणजे ड्रम घरी आला तेव्हा लग्नाच्या आदल्या दिवशी तू दिलेले ठिपके पाठ फिरवून उभे असणार, आणि घुंडीच्या कडेवर माझ्या पकडीचे दात. ते दात अजून आहेत, मी अंगठा फिरवून पाहिला. तू ते पाहिलंस. घुंडी तुझ्या ठिकाणावर परत आणलीस, ड्रम बोलतोय याची खात्री केली असशील, त्याला विचारलंही असशील जेवलास का, आणि मग खोळीत घालून तोंड शिवून टाकलंस. मालकांच्या दारात जाऊन ‘हे बघा’ म्हणायला तुला पाच मिनिटं लागली असती. तू गेली नाहीस, कारण बँडमधली माझी जागा गेली असती. आणि त्यानंतर इतकी वर्षं माझ्या गमतीला तू हसत राहिलीस. मला फार लाज वाटली, अम्मा. अजून वाटतेय.

नव्या तारा काल आल्या. दुकान बंद करून संध्याकाळी बसवायला घेतल्या. मोटारीत तांब्याची तार भरणारे माझे हात, पण इथे जपून चालले. पट्टीबरोबर प्लॅस्टिकच्या फिती आल्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या आणि तुझ्या शिवणाच्या डब्यातला नायलॉनचा दोरा चौपदरी पिळला. दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. माझी बोटं तुझ्यापेक्षा जाड, म्हणून तुझ्या हिशोबानं जरा आत सरकवली. खटका वर केला, घुंडी पाव-पाव फेऱ्यानं फिरवली. नव्या तारांना, नव्या दोऱ्याला तुझे ठिपके लागू पडणार नाहीत, हे मला माहीत होतं. कानावरच भरवसा ठेवायचा होता. ड्रम सुलटा करून पाटांवर ठेवला आणि विचारलं, जेवलास का रं. तारा बराच वेळ कुजबुजल्या. पाव फेरा दिला. परत विचारलं. अजून थोडा. तिसऱ्यांदा तोंड जवळ नेलं आणि जेवणाचं विचारायचं सोडून माझ्या तोंडून निघालं, ‘‘अम्मा, घुंडी मी पिळली होती.’’

तारा व्हय म्हणाल्या आणि गप्प बसल्या. अगदी तुला हवं तसं.

दारात तुझी नात उभी होती. म्हणाली, ‘‘काय म्हणालात, पप्पा?’’ मी म्हणालो, ‘‘काही नाही, तारा बघतोय.’’ ती म्हणाली, ‘‘दादीसारखा मुका नाही ना केलात?’’ मी म्हणालो, ‘‘नाही गं.’’

आज सकाळी ती ड्रम घेऊन कॉलेजला गेली. एसटीत तो मांडीवर घेऊन बसते म्हणाली. ती परत आली की पहिलं हेच सांगायचं, असं ठरवून मी लिहायला बसलो होतो. मधे लाइट आली, कागद संपले म्हणून बिलबुकाची आणखी दोन पानं फाडली. दुकानाच्या मागेच घर. आतून तिचा ड्रम ऐकू येतोय, हात अजून कच्चा आहे, पण आवाज तुझाच आहे. ती येऊन तास होऊन गेला, अम्मा, आणि मी अजून तुलाच सांगतोय.